आदिलाबाद : घरांची यादी आणि माणसांचे कागद

२०२७ च्या जनगणनेचा पहिला टप्पा घरयादीचा आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात प्रत्येक राज्याने स्वतःसाठी निवडलेल्या तीस दिवसांत प्रगणक दारोदार जाऊन भिंत कशाची, छप्पर कशाचे, पाणी कुठून येते, एवढे विचारतो. प्रश्न साधेच. मात्र तेलंगणच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठावरील आदिलाबादमध्ये त्यांची उत्तरे साधी नाहीत. तेथे माणूस किती, यापेक्षा तो कोणत्या यादीत आणि कोणत्या राज्यात, हा प्रश्न अर्धशतकापासून अधिक जिव्हाळ्याचा राहिला आहे.

हा जिल्हा गोव्यापेक्षा आकाराने थोडा मोठा, ४,१५३ चौरस किलोमीटरचा. वस्ती मात्र २०११ च्या गणनेप्रमाणे ७ लाख ८ हजार, म्हणजे गोव्याच्या निम्म्याच्या आत. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि आदिलाबादसह निर्मल, मंचिर्याल व कुमरम भीम आसिफाबाद हे जिल्हे अस्तित्वात आले. त्याही आधी, १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके येथूनच मुंबई राज्याकडे गेले होते. नकाशावर रेषा ओढली गेली, पण सोयरिकी, बाजार आणि भाषा रेषेच्या दोन्ही बाजूंना तशाच राहिल्या. बेला, जैनथ या मंडलांत आजही मराठी ऐकू येते, आणि आदिलाबादची रेल्वे किनवटवरूनच मुदखेडला जाते.

या जिल्ह्याच्या लोकसंख्येला सर्वांत मोठा धक्का जन्मदराने वा दुष्काळाने दिला नाही, तो एका कायद्यातील दुरुस्तीने दिला. लंबाडा अर्थात बंजारा समाज आंध्र भागात आधीपासून अनुसूचित जमातींत होता, तेलंगण भागात नव्हता. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही तफावत मिटवली आणि दुसरी निर्माण केली. कारण सीमेपलीकडे महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत राहिला. यवतमाळ-नांदेडचा बंजारा पैनगंगा ओलांडताच ‘आदिवासी’ ठरू लागला. अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीला जमीन घेता येत नाही, हा १९७० च्या नियमनाचा निर्बंध. तो या नव्या दर्जाने आपोआप दूर झाला. या स्थलांतराने गोंडांच्या जमिनीवर आलेले दडपण मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आपल्या १९८२ च्या ग्रंथात नोंदवले आहे. दरम्यान २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला होता.

गोव्याच्या वाचकाला ही किमया अपरिचित नसावी. २००१ च्या गणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची संख्या अवघी ५६६ होती. २०११ मध्ये ती १,४९,२७५ झाली. गावडा, कुणबी आणि वेळीप दहा वर्षांत कुठून आले नव्हते. २००३ मध्ये त्यांची नावे यादीत आली, इतकेच. फरक असा की गोव्यात जागेवरची माणसे मोजली गेली, आदिलाबादेत यादी पाहून माणसेही हलली. म्हणून तेथील आकडा वाचताना वाढ किती नैसर्गिक, किती स्थलांतराची आणि किती शिक्क्याची, हे वेगळे काढणे कठीण होऊन बसते.

ही जखम बुजलेली नाही. २०१७ च्या अखेरीस उटनूर परिसरात गोंड आणि लंबाडा समाजांत हिंसक संघर्ष झाला. लंबाडांना यादीतून वगळावे यासाठी आदिलाबादचे माजी खासदार सोयम बापूराव आणि अन्य याचिकाकर्त्यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नोटिसा बजावल्या. त्यानंतरच्या महिन्यात मराठवाड्यात नेमकी उलट मागणी घेऊन बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. हैदराबाद गॅझेटच्या आधारे आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या, अशी. एकाच जुन्या संस्थानाचे दोन तुकडे, आणि एकाच समाजाबाबत दोन टोकांच्या मागण्या.

घरांचे गणितही याच कागदांवर चालते. तेलंगणच्या इंदिरम्मा योजनेत घरासाठी पाच लाख रुपये मिळतात, पण जागा स्वतःची हवी. आणि पहिला लाख हाती येतो तो जोत्यापर्यंत बांधकाम झाल्यावर. जोत्यापुरते पैसे जवळ नसलेल्याला ही मदत दारापर्यंत येऊनही आत येत नाही. कोलाम आणि तोटी या विशेष असुरक्षित जमातींसाठी केंद्राची २०२३ ची पीएम-जनमन योजना आहे आणि तिच्यात घरामागे २ लाख ३९ हजार रुपयांची तरतूद आहे. परंतु कोलामांची अडचण पैशांच्या आधी सुरू होते. निजामाच्या काळात राखीव जंगले आखली गेली तेव्हा त्यांची फिरती शेती मोडली, आणि अनेकांच्या नावावर जमीन कधी चढलीच नाही. वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा मागतो. तो सिद्ध करू न शकणाऱ्याचे मातीचे घर घरयादीत ‘कच्चे’ म्हणून नोंदले जाईल; ते पक्के का होत नाही, हे विचारणारा रकाना त्या अर्जात नाही.

सर्वांत विलक्षण स्थिती मात्र जुन्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील चौदा गावांची. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर आदी या गावांवर चंद्रपूरचा जिवती तालुका आणि आसिफाबादचे केरामेरी मंडल असा दोघांचाही दावा. मराठवाड्यातून येऊन वसलेली मराठीभाषक कुटुंबे येथे बहुसंख्य. अनेकांकडे दोन राज्यांची शिधापत्रिका आणि दोन मतदार ओळखपत्रे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला, आदिलाबादचे १३ मे रोजी. यात लबाडी पाहणारे पाहोत. दोन सरकारे एकाच अंगणात योजना घेऊन येतात आणि जमिनीचा निर्विवाद सातबारा मात्र एकही देत नाही, तेव्हा गरीब माणूस दोन्ही हात पुढे करणारच. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राने ही गावे पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची घोषणा केली. जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवण्यात आल्या. आता दोन राज्यांचे दोन प्रगणक एकाच दारावर दोन क्रमांक घालणार, की परस्परांवर विसंबून एकही नाही, याचा निर्णय चंद्रपूर आणि आसिफाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून करायला हवा.

प्रश्न केवळ काही हजार माणसांचा नाही. याच गणनेच्या आकड्यांवर पुढे मतदारसंघांची फेररचना आणि राखीव जागांची संख्या ठरू शकते. गोव्यात जमातींना विधानसभेत राखीव जागा देण्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला स्वतंत्र विधेयक मंजूर करावे लागले, तेही अशाच आकड्यांपायी. फेब्रुवारी २०२७ मधील दुसऱ्या टप्प्यात जात विचारली जाईल. तेव्हा किनवटचा बंजारा आणि उटनूरचा बंजारा एकच नाव सांगतील, आणि प्रगणक ते दोन वेगळ्या वर्गांत लिहून घेईल.