चाळीस घरांचे अ‍ॅप

रमजानमध्ये इफ्तारच्या थोडे आधी गल्लीतून झाकलेली ताटे फिरू लागतात. खजूर, भजी, फळांचे काप, असेल तर खिचडा. ताट आधी कोणाकडे जावे, याला एक जुना नियम आहे. शेजारी दोन आहेत, देणे एकालाच शक्य आहे, तर कोणाला द्यावे, असे हजरत आयशा यांनी विचारले, तेव्हा पैगंबरांनी अंतराचा निकष सांगितला : ज्याचे दार अधिक जवळ, त्याला. तो कोणत्या जमातीचा, ओळखीचा की अनोळखी, हा प्रश्नच त्यात आला नाही. पुढे हसन बसरी यांना शेजाराची हद्द विचारली गेली. समोरची चाळीस, मागची चाळीस, उजवीकडची चाळीस आणि डावीकडची चाळीस घरे, असे त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. म्हणजे एकूण १६० घरे. मराठीत याच कर्तव्याला शेजारधर्म म्हणतात, आणि या शब्दातला धर्म कोणा एका समाजाचा नाही.

वऱ्हाडातल्या शहरांत ही १६० घरे आज मोजता येतात, पण ओळखता येत नाहीत. अमरावतीत कठोरा रोडला, अकोल्यात गोरक्षण रोडला, कौलखेडला नवे ले-आउट पडत गेले. दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडून माणसे नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी येऊन राहिली. वरच्या मजल्यावर कोण राहते, हे खालच्या मजल्याला अनेकदा कुरिअरवाल्याकडून कळते. बोलणे होते ते कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. त्या ग्रुपमध्ये बहुधा घरमालक असतात. भाडेकरू, खोली करून राहणारे विद्यार्थी आणि मागच्या गल्लीतली टिनाची घरे त्यात नसतात. शेजाऱ्यांना जोडणारे अ‍ॅप करावे, असे एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी वाटले, तर कल्पना वाईट नाही. मात्र ज्यांनी हे आधी करून पाहिले, त्यांचे काय झाले ते पाहून मग कामाला लागावे.

गुगलने मे २०१८ मध्ये मुंबईत नेबरली नावाचे अ‍ॅप आणले. जवळचा चांगला डॉक्टर कोणता, शिकवणी कुठे लावावी, असे प्रश्न त्यात आसपासच्या लोकांना विचारता येत. प्रश्न टाइप करण्याऐवजी बोलूनही विचारता येई. विचारणाऱ्याचे आडनाव किंवा फोन नंबर दिसत नसे आणि कोणी खासगी संदेशही पाठवू शकत नसे. महिलांनी न घाबरता विचारावे यासाठी ही सोय मोलाची होती. मुंबईनंतर अ‍ॅप बंगळुरू, दिल्लीकडे गेले. अपेक्षेइतके वाढले नाही म्हणून १२ मे २०२० रोजी ते बंद झाले. तारीख पाहण्यासारखी आहे. देश टाळेबंदीत होता आणि माणसाला शेजाऱ्याची गरज कधी नव्हे एवढी होती. पण कोट्यवधींचा हिशेब करणाऱ्या कंपनीला १६० घरे पुरत नाहीत, आणि शेजार तर त्याहून फार मोठा होऊच शकत नाही. त्याच वर्षी अकोल्यात कच्छी मेमन जमातीचे स्वयंसेवक कोरोनाने दगावलेल्यांचे अंत्यसंस्कार करत होते. ज्या हिंदू मृतांसाठी घरचे कोणी पुढे येऊ शकले नाही, त्यांना त्यांच्या रीतीने अग्नी देण्याचे कामही त्यांनी केले. हे घडले ते गावाला आधीपासून माहीत असलेल्या माणसांमुळे.

दुसरा धडा अमेरिकेतला आहे. तिथे २०११ मध्ये नेक्स्टडोअर हे शेजाऱ्यांचे अ‍ॅप सुरू झाले. पत्ता खरा आहे की नाही हे तपासण्यासाठी कंपनी घरी पोस्टकार्ड पाठवून त्यावरचा कोड मागे. म्हणजे आत येणारा प्रत्येक जण खरोखरीचा शेजारी होता. तरीही काही वर्षांत ऑकलंड शहरातून तक्रारी आल्या की रस्त्याने कोणी कृष्णवर्णीय माणूस गेला, तरी अ‍ॅपवर संशयित इसम म्हणून इशारा पडतो. कंपनीने २०१६ मध्ये तक्रारीचा फॉर्म बदलला. माणूस नेमके काय करत होता, अंगावर कपडे कोणते होते, हे आधी लिहावे लागे. वंशाखेरीज काहीच सांगता येत नसेल, तर मजकूर पुढे जात नसे. अशा नोंदी सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. लोक एकाएकी सज्जन झाले नव्हते. त्यांना दोन मिनिटे थांबून विचार करावा लागला, एवढेच.

महाराष्ट्राने ही दोन मिनिटे न मिळाल्याची किंमत मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी जमातीच्या पाच जणांना ठार मारले. त्यामागे मोबाइलवरून पसरलेली अफवा होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले.

अमरावती आणि अकोल्याला हे परक्याचे दुखणे नाही. १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ या लागोपाठच्या दोन दिवसांत अमरावतीत दुकाने फुटली, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली, एकाचा जीव गेला, आणि तिथेही इंटरनेट बंद करावे लागले. दोन्ही वेळा ज्या दिवशी शेजाऱ्याशी बोलणे सर्वांत गरजेचे होते, त्याच दिवशी मोबाइलवरचे बोलणे थांबले. मुलाला ताप आहे, औषध संपले आहे, दूध नाही, अशा वेळी ज्याच्या शेजारचे दार ओळखीचे होते, त्याचे निभले.

म्हणून या दोन शहरांत शेजाऱ्यांचे अ‍ॅप करायचे असेल, तर त्याची खरी कसोटी नेट बंद असलेल्या दिवशी लागेल. चालू असताना अ‍ॅपने एवढी ओळख करून दिलेली असावी की ते बंद पडले तरी कोणते दार वाजवायचे हे माहीत असेल.

ही कसोटी धरली की रचना आपोआप ठरत जाते. पहिली गोष्ट हद्दीची. अ‍ॅपमध्ये कोण येईल हे दाराच्या अंतरावरून ठरावे. प्लॉटची मालकी, सोसायटीची वर्गणी किंवा ओळख यावरून ठरू नये. भाडेकरू आला, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला, रस्त्यापलीकडची दुसरी वस्तीही आली. अमरावतीच्या जुन्या परकोटाला पाच दरवाजे होते आणि त्याशिवाय पायी जाणाऱ्यांसाठी खिडक्या ठेवल्या होत्या. भिंत बांधणाऱ्यांनाही ये-जा थांबवायची नव्हती.

दुसरी गोष्ट कामाची. अ‍ॅपवर गप्पांची भिंत नको, पुढे ढकलण्याचे बटण नको, अनोळखी माणसाचा फोटो टाकायची सोय नको. प्रत्येक घराने आपल्याकडून काय देता येईल ते आधी लिहावे : शिडी, रात्री दवाखान्यात नेण्यासाठी गाडी, रक्तगट, फॉर्म भरून देणे, दहावीचे गणित. ज्याला गरज आहे त्याने मागावे. अकोल्यासारख्या शहरात, जिथे नळ रोज येत नाही, तिथे आज पाणी येणार का, एवढे एक उत्तर मिळाले तरी गल्लीतली आजी ते अ‍ॅप ठेवून घेईल. प्रश्न मराठीत, उर्दूत, हिंदीत आणि अस्सल वऱ्हाडीत बोलून विचारता यावा.

तिसरी गोष्ट शेवटाची. मागणी पूर्ण झाली हे अ‍ॅपने ठरवू नये. दोन माणसे दारात समोरासमोर आली की ती मागणी मिटावी. लोकांनी अ‍ॅपवर किती वेळ घालवला, याची शेखी मिरवू नये.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. कोणत्या घरात कोण राहते याची यादी बनली आणि बिघडलेल्या दिवशी ती चुकीच्या हाती पडली तर? वऱ्हाडात आडनाव सांगितले की बाकी बरेच कळते. भीती खोटी नाही. तिचे उत्तर म्हणजे संपूर्ण यादी कोणाकडेच असू नये. कंपनीकडे नको, कॉलनीच्या अध्यक्षाकडे नको, महापालिकेकडेही नको. अ‍ॅपने धर्म विचारू नये, आडनाव विचारू नये. प्रत्येकाला फक्त आपल्या अगदी जवळची आठ-दहा घरे दिसावीत, तीही त्या घरांनी होकार दिला असेल तरच. सहा महिन्यांतून एकदा त्या घरांची हाकेची नावे आणि नंबर कागदावर हाताने लिहून स्वयंपाकघरात लावावेत. नेट बंद असताना तो कागद चालतो, आणि त्यावरून साऱ्या मोहल्ल्याचा नकाशा कोणाला काढता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग हे कशाला, असेही म्हटले जाईल. पण ग्रुपमध्ये माणूस निवडून घेतला जातो आणि नको झाला की काढता येतो. शेजारी निवडता येत नाही, काढताही येत नाही. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशीही पाण्याची टाकी, नाली आणि भिंत वाटून घ्यावी लागते. शेजारधर्माचा कस लागतो तो इथेच.

यासाठी गुगलची गरज नाही आणि मोठ्या निधीचीही नाही. अमरावतीत किंवा अकोल्यात एक गल्ली घ्यावी, शक्यतो अशी की जिचे एक टोक एका वस्तीत आणि दुसरे टोक दुसऱ्या वस्तीत आहे. ईदपासून दिवाळीपर्यंत चार-पाच विद्यार्थ्यांनी तिथे घरोघरी जाऊन हे चालवून पाहावे. आणि महिन्यातला एक रविवार अ‍ॅप मुद्दाम बंद ठेवावे. त्या दिवशी गल्लीतली कामे अडली, तर रचना पुन्हा करावी. आणि कोणाचे काही न अडता एकमेकांची दारे वाजत राहिली, तर तेच अ‍ॅप शेजारच्या गल्लीला द्यावे.