ईसीजी नॉर्मल आल्यानंतर

छातीत धडधड, धाप, दरदरून घाम, हातापायांना मुंग्या आणि ‘आता मी जातो’ ही पक्की खात्री. अशा अवस्थेत कॅज्युअल्टीत आणलेल्या माणसाचा ईसीजी काढतात, रक्त तपासतात आणि सगळे नॉर्मल निघाले की ‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून, फार तर पित्ताची गोळी देऊन घरी धाडतात. नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. पण हृदयविकाराचा झटका नसेल, तर मग झाले काय होते, हे त्या माणसाला कोणीच सांगत नाही. पॅनिक डिसऑर्डरचा, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या आजाराचा, उपचार आपल्याकडे याच ठिकाणी चुकतो आणि तो सुधारायचा तर सुरुवातही इथूनच करावी लागेल.

हे दुर्लक्ष फक्त आपल्याकडचे नाही. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या एका हृदयरोग संस्थेत छातीत दुखते म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या 441 रुग्णांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 25 टक्के रुग्णांना पॅनिक डिसऑर्डर होता आणि त्यांच्यापैकी 98 टक्क्यांच्या बाबतीत तो तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या लक्षात आला नव्हता. हे डॉक्टर बेफिकीर होते असे मुळीच नाही. हृदय तपासणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी केले. पुढचा प्रश्न विचारणे मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हते.

तो न विचारल्याने काय बिघडते, हे कळण्यासाठी पॅनिकचा झटका कसा चालतो ते पाहावे लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलेले स्पष्टीकरण आजही उपचारांच्या मुळाशी आहे. जिना चढल्याने, कडक चहाने किंवा नुसत्या उकाड्यानेही छाती धडधडते. त्या धडधडीचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावला की भीती वाटते, भीतीने अॅड्रेनालिन वाढते, त्याने धडधड आणखी वाढते आणि मग अर्थ खराच वाटू लागतो. हे चक्र बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचते आणि मग आपोआप ओसरते. पण तोवर माणूस रिक्षात किंवा दवाखान्याच्या दारात असतो. त्यामुळे आपण वेळेवर पोचलो म्हणून वाचलो, असा निष्कर्ष तो काढतो. त्यावर ‘काही झालेले नाही’ हे उत्तर मिळाले की दोनच अर्थ उरतात. एकतर डॉक्टरांना रोग सापडला नाही, नाहीतर आपण नाटकी ठरलो. पहिला अर्थ पटला तर इको, स्ट्रेस टेस्ट, दुसरे हॉस्पिटल अशी रांग लागते. दुसरा पटला तर माणूस गप्प बसतो आणि हळूहळू लोकलची गर्दी, लिफ्ट, एसटीचा घाटातला प्रवास टाळू लागतो. पाण्याची बाटली आणि खिशातली गोळी यांशिवाय घराबाहेर पडणे बंद होते. झटके कमी झाले तरी हे आक्रसलेले आयुष्य तसेच राहते.

यावर डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे. भारतीयांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो आणि बायकांच्या छातीतल्या दुखण्याला ‘मनाचे’ म्हणून उडवून लावल्याने नुकसान झालेले आहे. म्हणून तपासणी आधी, यात वाद नाही. थायरॉइड, हृदयाच्या ठोक्यांमधली अनियमितता, रक्तक्षय हेही पाहायलाच हवे. शिवाय मॉन्ट्रियलच्या त्या पॅनिक रुग्णांपैकी 44 टक्क्यांना हृदयरोगाचा पूर्वेतिहास होता, म्हणजे एकाला दोन्ही आजार असू शकतात. पण यातून निघते ते हेच, की ईसीजी नॉर्मल आल्याने पॅनिक सिद्ध होत नाही आणि हृदयरोग असल्याने तो रद्दही होत नाही. त्याचे निदान वेगळे प्रश्न विचारूनच करावे लागते.

दुसरा आक्षेप असा, की नाव दिले की लोक स्वतःला रोगी समजू लागतात. आधीच जो तो ‘मला पॅनिक आला’ म्हणतो. म्हणूनच नाव नीट द्यायला हवे. एखादा झटका पुष्कळांना येतो आणि तो आजार नव्हे. अचानक झटके पुन्हापुन्हा येणे आणि त्यांच्या धास्तीत किंवा ते टाळण्यासाठी वागणे बदलण्यात महिनाभर जाणे, हा आजार. हा फरक समजावायला दहा मिनिटे लागतात.

आणि उपचार आहेत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांना इमिप्रामिन या औषधाने हे झटके थांबतात असे दिसले आणि 1980 मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली. आज सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारखी औषधे वापरतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण ती मध्येच सोडतो. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत रुग्णाकडून धाप, चक्कर, धडधड मुद्दाम आणवतात: जिने चढायला लावून, खुर्चीवर गरगर फिरवून. हे विचित्र वाटते, पण या संवेदना जीव घेत नाहीत हे शरीराला अनुभवानेच पटते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांच्या 2000 मधील चाचणीत इमिप्रामिन आणि थेरपी दोन्हींनी फरक पडला. उपचार थांबल्यावर थेरपीचा परिणाम अधिक टिकला. (चित्रपटात दाखवतात तसे कागदी पिशवीत श्वास घेणे मात्र विसरावे, दम्यात किंवा हृदयविकारात ते धोक्याचे ठरते.) अल्प्राझोलामने तासाभरात बरे वाटते खरे, पण ‘गोळीने वाचवले’ हा समज घट्ट होतो, आणि सवय लागण्याची भीती आहेच. ब्रिटनची नाइस ही संस्था या आजारासाठी अशी औषधे देऊ नयेत असेच सांगते.

इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, हा प्रश्न खराच आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण 70 टक्क्यांहून अधिक आढळले. पण पहिले पाऊल टाकायला तज्ज्ञ लागत नाही. डिस्चार्जच्या कागदावर ‘पॅनिक झटक्याची शक्यता, महिन्याने फेरतपासणी’ ही ओळ, जवळच्या मानसोपचार ओपीडीचे नाव आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक, इतके तर कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टरही लिहू शकतो.