मुलाखत घरी आली, जागा कोठे?

मीरा-भाईंदरच्या तरुणाला नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले की त्याची पहिली परीक्षा भाईंदरच्या फलाटावरच होत असे. इस्त्रीचा सदरा आणि प्रमाणपत्रांची फाईल सांभाळीत चर्चगेटच्या गाडीत शिरणे आणि अंधेरीला माणसासारखे उतरणे ज्याला साधले, त्याचे निम्मे काम झाले असे गमतीने म्हटले जाई. २०२०च्या मार्चमध्ये उपनगरी गाड्या थांबल्या. सर्व प्रवाशांना त्या पुन्हा खुल्या झाल्या १ फेब्रुवारी २०२१ रोजी, आणि त्याही ठराविक वेळांपुरत्या. मधल्या काळात फोनवर व व्हिडिओवर मुलाखती घेण्याचा पायंडा पडला. गाड्या पूर्ववत झाल्या, पायंडा राहिला.

वरवर पाहता ही सोयच आहे. भाडे वाचते, रजा काढावी लागत नाही. परंतु प्रवासाबरोबर विषमताही संपली असे मानणे भाबडेपणाचे होईल. कार्यालयात साऱ्या उमेदवारांच्या वाट्याला तीच खुर्ची व तेच टेबल येत असे. आता ज्याला स्वतंत्र खोली आहे तो शांतपणे बोलतो, आणि ज्याचे पाच माणसांचे कुटुंब एका खोलीत राहते, त्याच्या उत्तरात कुकरची शिट्टी मिसळते. २०११च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेल्या या दाट शहरात दुसऱ्या प्रकारचे उमेदवार थोडे नाहीत.

तयारीचा विचार यासाठीच करावयास हवा. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून क गटाच्या व ब गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या मागे लागलेले पुष्कळ विद्यार्थी बोलण्याचा सरावच करीत नाहीत, आणि खाजगी नोकरीची वेळ आली की गडबडतात. फोनवर चेहरा नसतो. हातवारे, नम्र हास्य, काहीच उपयोगी पडत नाही. जे काही आहे ते आवाजात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी वाक्य जुळवीत क्षणभर थांबला, तर पलीकडच्याला वाटते की फोन तुटला किंवा उत्तर येत नाही. ‘जरा विचार करून सांगतो’ एवढे म्हटले तरी तो गैरसमज टळतो. व्हिडिओवर पडद्यातील चेहऱ्याकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहणे, उजेड पाठीमागे न ठेवता समोर ठेवणे, फोन हातात न धरता डोळ्यांच्या उंचीवर टेकविणे, इंटरनेट तुटल्यास कोणत्या क्रमांकावर बोलावे हे आधीच विचारून ठेवणे, या गोष्टी क्षुल्लक खऱ्या; पण ऐन वेळी त्याच नडतात. शिक्षकांनी मनावर घेतल्यास हा सराव बिनखर्चाचा आहे: एका विद्यार्थ्याला शाळेच्या दुसऱ्या टोकाच्या वर्गात बसवावे, फोनवर प्रश्न विचारावेत आणि ध्वनिमुद्रण त्यालाच ऐकवावे. स्वतःचा आवाज ऐकून तो जेवढे सुधारेल तेवढे उपदेशाने सुधारणार नाही.

पलीकडे बोलणारा कोण, याचीही खातरजमा हवी. फोनवरच्या सफाईदार आवाजावर विश्वास ठेवण्याचे परिणाम मीरा रोडला नव्याने सांगावयास नकोत. ऑक्टोबर २०१६ मध्ये पोलिसांनी तेथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतील लोकांना लुबाडले जात असल्याचे उघड झाले होते. फोनवर बसविलेल्यांत कोवळ्या वयाची मुलेही होती, आणि नोकरी म्हणूनच ती तेथे गेली होती. नेमणुकीपूर्वी ‘अनामत’ मागणारा, आधार किंवा बँकेचा तपशील घाईने विचारणारा मालक हा मालक नव्हे, एवढे तरी घरोघर ठाऊक असावे.

राहता राहिला जागेचा प्रश्न, आणि तो उमेदवाराच्या हुशारीने सुटणारा नाही. शाळांचे वर्ग सुटीनंतर रिकामे असतात. वाचनालये व अभ्यासिका आहेत, परंतु तेथे मोठ्याने बोलण्यास मनाई, आणि ती योग्यच आहे. महानगरपालिकेने प्रत्येक प्रभागात दार लावता येईल अशी एक खोली, एक टेबल, बरा उजेड आणि खात्रीचे इंटरनेट एवढे दिले, व अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी लावून दिली, तर त्याचा खर्च एखाद्या स्वागतकमानीहून अधिक येऊ नये. कमानी मात्र दरवर्षी उभ्या राहतात.