सुती कापडाला ‘वॉटरप्रूफ’ म्हणू नका

सायकलवर रोज जा-ये करणारे गिऱ्हाईक हल्ली सुती जाकीट मागू लागले आहे. नायलॉनच्या जाकिटात पाऊस लागत नाही, पण घामाने माणूस आतूनच भिजतो, ही त्याची तक्रार आहे. अशा वेळी आपले काही व्यापारी बांधव साध्या सुती कापडावर रसायनाचा हात फिरवून ते ‘वॉटरप्रूफ’ म्हणून खपवितात. आमच्या मते हा धंदा एका पावसाळ्याचा आहे.

पाणी अडविणारे खरे सुती कापड विणीतून तयार होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने ब्रिटिश वैमानिकांसाठी ‘व्हेंटाइल’ हे कापड सिद्ध केले. लांब धाग्याचा कापूस आणि अत्यंत घट्ट वीण हेच त्याचे मर्म. ओले होताच सूत फुगते आणि विणीतील छिद्रे बुजतात; कोरडे असताना हवा खेळती राहते. मात्र ते भिजल्यावर जड व ताठ होते, महागही पडते. मेणकापड पाणी अधिक अडविते, पण त्यातून घाम सुटत नाही आणि ते मशीनमध्ये धुता येत नाही.

म्हणून ठाण घेताना ते उजेडात धरून पाहा, तोंडाने फुंकर मारून पाहा. नुसता थेंब ओघळला म्हणून भुलू नका. तो रसायनाचा गुण असतो. तुकडा दोन-चार वेळा धुऊन मग पाणी टाका. रसायन कोणते हेही विचारा. फ्लोरिनयुक्त ‘पीएफएएस’ वापरलेल्या कपड्यांवर कॅलिफोर्नियाने २०२५ पासून आणि फ्रान्सने २०२६ पासून बंदी आणली आहे. निर्यातीचा माल करणाऱ्याला हे ठाऊक हवेच.

शिवणाऱ्या कारागिरांनीही ध्यानात घ्यावे की पाणी आधी सुईच्या छिद्रातून शिरते. खांद्यावर शिवण टाळावी. सायकलस्वार पुढे वाकतो, म्हणून पाठ व बाह्या लांब ठेवाव्यात.

मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग वर्षानुवर्षे स्वस्त कापडाच्या चढाओढीत अडकले आहेत. घट्ट विणीला सूत चांगले लागते, माग सावकाश चालवावा लागतो. परंतु मीटरमागे भावही वेगळा मिळतो. थोड्या मागांवर नमुना काढून पाहावा, असे आम्हांस वाटते. आणि विकताना स्पष्ट सांगावे: हे रिमझिम पावसाचे जाकीट आहे, कोकणातल्या मुसळधार पावसाचे नव्हे. खरे ऐकलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढते.