रस्ता देखणा, पण गाडी वळते का?

दिवाळीच्या खेळण्यांत दोन जाती असतात. एक पाहायची आणि दुसरी खेळायची. अंगणातला मातीचा किल्ला पहिल्या जातीतला. त्याच्यावर अळीव पेरावेत, बुरुजावर मावळे बसवावेत, पायथ्याशी आरशाचे तळे करावे, मग आळीतल्या वडील मंडळींनी कमरेवर हात ठेवून "वा!" म्हटले की किल्ल्याचे सार्थक झाले. भोवरा दुसऱ्या जातीतला. त्याला सोन्याचा मुलामा द्या, पण आरीवर ताठ उभा राहून तो घुमला नाही, तर पोरगे त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही.

मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम हा असा चमत्कारिक प्राणी आहे, की त्याला एकाच वेळी किल्लाही व्हायचे असते आणि भोवराही. यंदाच्या दिवाळीत पुष्कळ घरांतून त्याची मागणी झाली असेल, म्हणून म्हटले, या अंकात त्याच्याचविषयी चार शब्द लिहावेत.

गेल्या महिन्यात आम्ही चिरंजीवांसह एका मोठ्या दुकानात गेलो होतो. भिंतीएवढ्या पडद्यावर संध्याकाळचा पाऊस पडत होता. ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे हलत होती आणि एक तांबडी गाडी झोकात वळत होती. आम्ही तर पाहतच राहिलो. चिरंजीवांनी मात्र विचारले, "हा रिप्ले आहे ना? प्रत्यक्ष चालवताना काय दिसतं?" विक्रेता म्हणाला, "साहेब, आधी तो पाऊस तर पाहा!" चिरंजीवांनी हातात कंट्रोलर मागितला. तो जोडलेलाच नव्हता.

त्यांचा हा अडेलपणा का, ते समजायला थोडे गणित करावे लागते. घाबरू नका, चौथीतले आहे. पडद्यावरची हलती गाडी म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रे. सेकंदाला साठ चित्रे काढायची, तर यंत्राला एका चित्रामागे जेमतेम सतरा मिलिसेकंद मिळतात. तीसच काढायची ठरवली तर तेहतीस मिळतात. म्हणजे चित्र रंगवायला दुप्पट सवड. झाडांना पाने येतात, ढगांना कडा येतात, गाडीच्या टपावर आभाळ उमटते. पण ताशी २१६ किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला साठ मीटर जाते. साठ चित्रे असली तर दोन चित्रांमध्ये ती एक मीटर सरकते आणि तीस असली तर दोन. ब्रेक कुठे लावायचा हे जो खेळाडू हातभर अंतराच्या हिशेबाने ठरवतो, त्याला हा मीटरभराचा फरक बोटांत जाणवतो. आपण स्टिअरिंग फिरवले आणि गाडी किंचित उशिरा वळली, की तो बिचारा रस्त्याशी नव्हे, आपल्याच यंत्राशी शर्यत करू लागतो. थोडक्यात, चित्र आणि चाल यांची पिशवी एकच. एकीकडे सढळ हाताने खर्च केलात, की दुसरीकडे ओढाताण ठरलेली. महिनाअखेरीचा अनुभव असलेल्या वाचकांना हे अधिक सांगायला नको.

आमच्या घरात या ओढाताणीवर तोडगा निघाला आहे. शर्यत खरी असली की चिरंजीव सगळी आरास उतरवतात. सावल्या बंद, गवत बंद, प्रेक्षक बंद. एका बटणासरशी भरलेले स्टेडियम ओस पडते. पहिल्या दिवशी सौ.ने काळजीने विचारले, "अरे, झाडं कुठं गेली?" उत्तर आले, "आई, झाडं फ्रेम खातात!" मात्र तिची बहीण आणि मेव्हणे आले, की झाडे, ढग, पाऊस सगळे परत येते आणि गाडी सावकाश फिरवून दाखवली जाते. शोकेसमधले कप पाहुण्यांना आणि रोजच्या चहाला स्टीलचा पेला, ही आमच्याच घरची रीत असल्यामुळे आम्ही काही बोललो नाही.

असे उघडे-बोडके खेळ कोणी खेळतात का, असे वाटेल. अहो, या खेळाचा जन्मच तसा झाला! १९७६ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीने 'नाइट ड्रायव्हर' नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र काढले. रस्ता नाही, झाड नाही, आभाळ नाही. काळ्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे पांढरे खुंट, बस्स. त्या यंत्राच्या आवाक्यात रस्ता काढणे नव्हतेच. म्हणून कारागिरांनी रात्र पाडली आणि रस्त्याच्या कडांवर भागवले. आपली गाडीसुद्धा पडद्यावर काढलेली नव्हती. तिचे एक रंगवलेले चित्र पडद्यापाशी बसवून दिले होते. पण पुढ्यात खरे स्टिअरिंग होते, पायाखाली पेडल होते, हाताशी गिअर होता. रात्री घाटातून गाडी हाकलेल्या माणसाला विचारा, याहून अधिक काय दिसते म्हणून!

पुढे इंग्लंडात जेफ क्रॅमंड नावाचे गृहस्थ झाले. आमच्या मते या कलेतले ते खरे हिशेबी गृहस्थ. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांनी बीबीसी मायक्रो या शाळाशाळांतून वापरल्या जाणाऱ्या संगणकासाठी 'रेव्ह्ज' हा फॉर्म्युला थ्री गाड्यांचा खेळ लिहिला. त्या संगणकाची स्मृती होती ३२ किलोबाइट. आज आपण सणाच्या शुभेच्छांचे जे चित्र फोनवरून पाठवतो, त्यालासुद्धा तेवढ्यात पाय पसरता यायचे नाहीत. एवढ्या खोपटात त्यांनी सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक, त्याच्या चढउतारांसह, आणि टायरची पकड सुटली की घसरणारी गाडी असा सगळा संसार मांडला. चित्र म्हणाल तर चार रंगांचे पट्टे. पण वळणात घाईने गॅस दिलात की गाडीची मागची बाजू पुढे यायला पाहायची, आणि ते का झाले हे खेळणाऱ्याला समजायचे.

त्यांचाच 'ग्रँड प्रिक्स २' हा खेळ १९९६ साली आला. १९९४ च्या हंगामातल्या गाड्या, सोळा ट्रॅक, आणि त्या काळाच्या मानाने फारच देखणा. त्यात एक गंमत होती, ती आम्हाला आजही अपूर्व वाटते. रस्त्याचा पोत हवा की नको, गवताचा हवा की नको, आरशात काय काय दिसावे, हे एकेक करून ठरवता येई. आणि एक कळ दाबली की प्रोसेसरवर किती टक्के भार पडला आहे, तो आकडा पडद्यावर येई. शंभराच्या आत असलात तर ठीक. शंभराच्या वर गेलात तर खेळ अडखळत नसे; त्यातले घड्याळच मंद होई! पडद्यावरचा एक सेकंद भिंतीवरच्या सेकंदापेक्षा लांब. म्हणजे झाडांचा मोह धरला तर गाडी तेवढीच सुंदर, पण सारे जग पाण्याखाली चालल्यासारखे. त्यात वळणे घेणे सोपे जाणारच. विचार करायला वेळ जास्त ना! म्हणून कोणी मोनॅकोच्या फेरीची फुशारकी मारू लागला, की जाणता मित्र आधी विचारी, "भार किती होता?" आजच्या कोणत्याही खेळाने खेळणाऱ्याला इतक्या स्वच्छपणे जमाखर्च दाखवलेला आमच्या पाहण्यात नाही.

याचा अर्थ चित्र हे सारे थोतांड, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ड्रायव्हरला डोळे असतात आणि त्या डोळ्यांना काम असते. वळणाआधी १०० मीटरची पाटी कुठे आहे, कडेचे तांबडे-पांढरे पट्टे कुठे सुरू होतात, डांबरावर टायरचे काळे ओरखडे कोठून उमटले आहेत, याच्यावर त्याचा ब्रेक ठरतो. ही पाटी धूसर काढली तर खेळ बिघडतो. तिच्यामागचा पिंपळ धूसर काढला तर कोणाचे काही जात नाही. तपशील किती, यापेक्षा तो कोणाच्या उपयोगाचा, हा खरा प्रश्न. काही तपशील तर डोळ्यांना दिसतच नाही. २००८ साली सुरू झालेल्या 'आयरेसिंग'ने खरे ट्रॅक लेसर किरणांनी मोजून घेतले. रस्त्यातला बारीकसा उंचवटा पडद्यावर ओळखू येत नाही. पण स्टिअरिंगमध्ये मोटर बसवलेली असली तर मनगटाला धक्का देऊन तो आपली ओळख सांगतो. गाडीचे गणित सेकंदाला शेकडो वेळा मांडावे लागते ते याचसाठी. त्याची जाहिरात कशी करणार? धक्क्याचा फोटो निघत नाही. पावसाचा निघतो. मग कारखानदार पैसा कुठे घालणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

उलटे टोकही असते, बरे का. १९९८ साली पॅपिरस या अमेरिकन मंडळींनी 'ग्रँड प्रिक्स लेजंड्स' काढला. विषय १९६७ चा हंगाम. पंख नसलेल्या, अरुंद टायरांच्या, ताकदवान गाड्या. गणित इतके चोख, की नवशिक्याला एक अख्खी फेरी सरळ पुरी करता येईना. पहिल्याच वळणावर गिरकी, दुसऱ्यावर कुंपण. घरी आणून अर्ध्या तासात डबा माळ्यावर टाकणारेही निघाले. खप बेताचाच झाला. गाडी खरी असली म्हणजे खेळ चांगला झाला असे नव्हे. नव्या माणसाला शिकवत, चुचकारत पुढे नेणे हीदेखील खेळाचीच कला. पण या खेळाचे पुढे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. ज्यांनी तो सोडला नाही, त्या शौकिनांनी वर्षानुवर्षे पदरमोड करून त्याला नवे रंग, नवी झाडे, नवे ट्रॅक चढवले. आत चाल खरी होती, म्हणून वरून दागिने घालता आले. नुसत्या देखण्या खेळात मागाहून कोणी चाल भरल्याचे मात्र आम्ही ऐकलेले नाही.

आता जपानकडे वळू. काझुनोरी यामाउची यांचा 'ग्रान टुरिझ्मो' १९९७ साली निघाला आणि खऱ्याखुऱ्या गाड्या घरोघरी पोचल्या. ज्या गाडीचा हप्ता परवडणार नाही, ती निदान चालवता तरी येऊ लागली. हे गृहस्थ स्वतः शर्यतीत उतरणारे. तरीही मोह कोणाला चुकला आहे? २०१० साली पाचवा भाग आला तो हजाराहून अधिक गाड्या घेऊन. ऐकून छाती दडपावी असा आकडा! प्रत्यक्षात त्यातल्या सुमारे दोनशेच नव्याने, आतल्या शिवणीसकट घडवलेल्या होत्या. उरलेल्या आठशेच्या आसपास जुन्या यंत्रावरच्या भागांतून आणलेल्या. एका ओळीत उभ्या केल्या की भरजरी शालूशेजारी वापरून विटलेले पातळ उभे राहावे, तसे दिसे. आणि या सगळ्या पसाऱ्यात समोरच्या गाड्या चालवणारा संगणक मात्र मुंग्यांच्या रांगेसारखा एकामागून एक चाललेला. आपण मध्ये आलो तरी त्याला पत्ता नाही, अशी तक्रार तेव्हा जागोजाग होती. माणसांची वर्षे हीसुद्धा एक पिशवीच आहे. ती गाडीच्या चामड्याच्या खुर्चीवर खर्च झाली, की प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यासाठी उरत नाही.

यामाउचींच्या मंडळींनी पुढे हिशेब बदलला, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. २०१७ च्या 'ग्रान टुरिझ्मो स्पोर्ट'मध्ये आरंभी गाड्या दीडशेच्या आसपासच होत्या, पण सगळ्या नव्या घडवलेल्या; आणि भर दिला तो माणसांनी माणसांशी सभ्यपणे शर्यत करण्यावर. वेगाला जसे गुण, तसे सभ्यतेलाही. धक्का मारून पुढे गेलात तर गुण कापले जाणार! "गाड्या कमी" म्हणून तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. २०२२ साली सातवा भाग आला, त्यात तर त्यांनी फारच शहाणपणाची वाटणी केली. पत्र्यावर खरेखुरे प्रकाशकिरण परावर्तित करून दाखवण्याची महागडी करामत प्लेस्टेशन ५ वर तेव्हा रिप्लेमध्ये आणि गॅरेजमध्ये ठेवली. शर्यत सुरू झाली की ती बंद आणि सेकंदाला साठ चित्रे चालू. ज्या वेळी स्टिअरिंगवर कोणाचा हात नाही, त्या वेळी हवी तेवढी दिवाळी! २०२४ साली अधिक ताकदीचे यंत्र आले, तेव्हा ती करामत शर्यतीतही आली. पिशवी मोठी झाली, तेव्हा खर्च वाढवला.

आजकाल बऱ्याच खेळांत 'क्वालिटी' आणि 'परफॉर्मन्स' असे दोन पर्याय असतात. देखावा हवा असेल तर पहिला, चाल हवी असेल तर दुसरा. खेळ घ्यायला जाणाऱ्या आईबापांना आमची एवढीच विनंती, की दुकानात दुसरा लावून मागा, मुलाच्या हाती कंट्रोलर द्या आणि आपण पडद्याकडे न पाहता मुलाच्या चेहऱ्याकडे पाहा. तिसऱ्या फेरीला तो पहिल्या फेरीपेक्षा उशिरा ब्रेक लावू लागला, तर पैसे द्यायला हरकत नाही.

आमच्या चिरंजीवांनी यंदा मोठा टीव्ही मागितलेला नाही. त्यांनी स्टिअरिंग मागितले आहे, धक्के देणारे. किंमत ऐकून आम्ही दोन दिवस गप्प होतो, सौ. त्याहून व्यवहारी. ते स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला शिकंजासारखे आवळून बसवावे लागते म्हणे. टेबलाच्या कडेला वण पडतील का, आणि जेवायच्या वेळी ते काढून कोण ठेवणार, एवढे दोनच प्रश्न तिने विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर दुकानदाराने अजून दिलेले नाही. दुसऱ्याचे चिरंजीवांनी लेखी दिले आहे.