पंचवीस रुपयांचं लिंबू

माणसाने घर घ्यावे तर ते फळबाजाराजवळ घेऊ नये, घेतलेच तर अंगणात फळझाड लावू नये, आणि लावलेच तर ते साडूला दाखवू नये. मी हे तिन्ही गुन्हे केलेले आहेत.

आमचे रो-हाउस वाशीत. एपीएमसी मार्केट तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. (पत्ता तुर्भ्याचा, पण सारी मुंबई त्याला वाशी मार्केटच म्हणते. तुर्भेकरांना काय वाटते, हे कोणी विचारलेले नाही.) १९९६ साली फळांचा घाऊक बाजार क्रॉफर्ड मार्केटातून उठून इथे आला, तेव्हापासून आमच्या समस्त नातेवाइकांची पक्की समजूत झाली आहे की, आम्हाला फळे जवळजवळ फुकट मिळतात. मार्च उजाडला की दूरदूरच्या मावशा माझ्या प्रकृतीची चौकशी करू लागतात आणि तिसऱ्या वाक्याला हापूसच्या पेटीवर येतात.

अशा ठिकाणी राहून मी बारा फूट बाय दहा फुटांच्या अंगणात लिंबू, पेरू, पपई आणि सीताफळ लावले. साडू पहिल्यांदा आले तेव्हा फाटकातच थबकले. म्हणाले, "अहो भाऊसाहेब, समुद्राकाठी राहून घरात मीठ पिकवायला बसलात की!"

साडू बँकेतून निवृत्त झाले, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांनी तिथेच माझ्याच वहीचा कागद फाडून हिशेब मांडला. लिंबाचे कलम दीडशे रुपये. लाल माती आणि शेणखत बाराशे. तीन वर्षांत माळी आला-गेला त्याचे अठराशे. निंबोळी तेल अडीचशे. एकूण चौतीसशे. तीन वर्षांत लिंबे किती निघाली? मी मूर्खासारखी मोजून ठेवली होती – एकशे छत्तीस. भागाकार बिनबाकी सुटला. एक लिंबू पंचवीस रुपयांना पडले. सौ.ने त्याच लिंबाचे सरबत साडूंना दिलेले होते. त्यांनी पेल्याकडे असे पाहिले की जणू मी त्यात मोती विरघळवून दिला होता.

तेव्हापासून हा आकडा घराण्यात गाजतो आहे. लग्नाच्या पंगतीत पानात लिंबाची फोड वाढली की कोणीतरी माझ्याकडे बघून "सव्वासहा रुपये" म्हणते.

आता माझे म्हणणे ऐका. माझा आक्षेप साडूंच्या बेरजेवर नाही. बेरीज बरोबर आहे. माझा आक्षेप आहे तो हा हिशेब एकट्या लिंबालाच लावण्यावर. साडू रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात आणि शेवटी येतात कुठे, तर घरी! जिथून निघाले तिथेच यायचे होते तर न निघणे सर्वांत स्वस्त पडले असते. तीस वर्षे त्यांच्या घरी पेटी आहे, आंब्याची नव्हे, वाजवायची. तिच्यावर आजवर एकच भूप वाजला. त्या भूपाचा दर सूर किती रुपयांना पडला, हे मी कधी विचारले आहे का? नाही. कारण सभ्य माणसे शेजाऱ्याच्या आनंदाला भागाकाराचे चिन्ह लावत नाहीत. पण अंगणात खुरपे घेतलेला माणूस दिसला की प्रत्येकाला पाढे आठवतात.

बरे, मी काही बाजाराचा शत्रू नाही. एवढ्या प्रचंड मुंबईला पहाटे ट्रक रिते करून फळे पुरवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आणि गच्चीवर चार पिंपे ठेवून "आम्ही विकतचे बंद केले" असे सांगणाऱ्या स्वयंपूर्ण मंडळींचेही माझ्यापाशी काही चालत नाही. त्यांच्या घरी जेवायला गेलो की सगळे पुदिन्याचेच असते. मी आंबा लावला नाही, तोही याचसाठी. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, आणि तसाही तो पुरता तयार झाला की कडकच उतरवून अढीत पेंढ्यावर पिकवायचा असतो. ते काम रत्नागिरी-देवगडने करावे आणि वाशीने विकावे. हल्ली तर नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतल्या मलावीचाही हापूस मार्केटात उतरतो. तिथे माझ्या बारा फुटांनी काय स्पर्धा करायची?

पण पपईचे तसे नाही. झाडावर पुरती पिकलेली पपई ट्रकखालचा एक खड्डाही सोसत नाही. म्हणून शेतकरी ती अंगावर पिवळी रेघ दिसली-न-दिसली तोच उतरवतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि देवावर हवाला ठेवून गाडीत घालतो. यात लबाडी कोणाचीच नाही. रस्ता लांब, फळ नाजूक, मधे चार हात. म्हणजे माझ्या मार्केटपासूनच्या दहा मिनिटांना तसा काही अर्थच नाही, कारण पपई निघाली ती दोन दिवसांपूर्वी, दुसऱ्याच जिल्ह्यातून. झाडावर पिकलेली पपई खायची असेल तर झाड आणि तोंड यांत अंतर दहा पावलांचेच हवे. ही चैन आहे, मान्य. पण ती पैशाने मिळत नाही, ही गोष्ट बँकवाल्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

अर्थात या चैनीची किंमत मी दिलेली आहे. पहिल्या खेपेला बी पेरून चार पपया वाढवल्या. मुलीच्या जातीने कौतुक केले. चारांपैकी तीन नर निघाल्या! लांब देठांवर फुलांचे घोस लोंबताहेत, फळाचे नाव नाही, नुसतीच मिरवणूक. उरलेल्या एकीची पहिली पिकलेली पपई बुलबुलाने खाल्ली. सीताफळाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या फुलात मादीचा भाग आधी तयार होतो आणि पराग मागाहून सुटतात, म्हणजे एकाच घरात राहून गाठभेट नाही. तेव्हा मी नातीच्या चित्रकलेचा ब्रश घेऊन एका फुलाचा निरोप दुसऱ्याला पोचवत फिरतो. समोरच्या गृहस्थांना आधी वाटले की मी झाड रंगवतो आहे. आणि पेरू? नाव सरदार, उर्फ लखनौ-४९. थाट लखनवी, पण निवड झाली ती १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत. पुण्याचाच असल्यामुळे तो कधी फळावे हे कोणाला विचारून ठरवीत नाही.

हिशेबाचीच हौस असेल तर तीही पुरी करता येते. श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे. त्यांनी 'प्रयोग परिवारा'तून लोकांना हिशेबच शिकवला, पण तो पानाला ऊन किती मिळाले याचा. माझ्या नातीला त्यातले एवढेच आले आहे की लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट दिसली तर ती शीट नसून अळी असू शकते आणि तिचे पुढे फुलपाखरू होते. आता ती मला निंबोळी तेल फवारू देत नाही. तेव्हा यंदा लिंबू तीस रुपयांपर्यंत जाईल, असा अंदाज आहे.

हे सारे मी चेष्टेवारी नेत आलो होतो. पण गेल्या महिन्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, दुसरी गाडी घ्यायची आहे. पुढे पेव्हर ब्लॉक घालून टाकू. लिंबं काय, मार्केटात ढिगानं मिळतात."

हे वाक्य साडूंचे होते. आता ते कुदळ घेऊन आले होते.

आमच्या गल्लीत अशी सहा अंगणे गेली. कुठे कडीपत्ता होता, कुठे शेवगा. आता घराघरापुढे लाल-करडे ठोकळे आणि त्यांवर आच्छादन घातलेली गाडी, झाकलेल्या हार्मोनियमसारखी. ही जमीन खाडीकाठची, सखल. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थोपवायला सिडकोला मुद्दाम धारण तलाव खोदावे लागले. आणि आपण काय करतो, तर जिथे जिथे पाणी मुरायला हातभर माती उरली आहे तिथे तिथे बूच लावतो, आणि मग जुलैत गुडघाभर पाण्यात उभे राहून प्रशासनाला शिव्या देतो. मी चिरंजीवांना विचारले, "गाडीसुद्धा मार्केटात ढिगानं मिळते. तिला तरी घरी कशाला ठेवायचं? लागेल तेव्हा भाड्यानं आणावी." त्याने उत्तर दिले नाही. सौ. म्हणाली, "तुम्ही गप्प बसा," पण तिने ते नेहमीच्या सुरात म्हटले नाही, एवढे मी टिपून ठेवले.

रविवारी ठेकेदार माप घ्यायला आला. टेप लावली, आकडा सांगितला. आकडा असा होता की त्यात मार्केटची लिंबे आम्हाला जन्मभर पुरली असती. चिरंजीव म्हणाले, "विचार करून कळवतो." कागद सध्या टीव्हीखालच्या खणात आहे.

जाता जाता ठेकेदार लिंबाखाली थांबला. वर पाहिले. म्हणाला, "काका, घरची दिसतात. चार मिळतील का?"

मी आठ दिली. साडूंच्या दराने दोनशे रुपये झाले.