व्यसन लपविल्याने बळावते

मूल व्यसनाच्या वाटेला लागल्याची वार्ता सर्वांत उशिरा पोहोचते ती त्याच्या आई-वडिलांपर्यंत. मित्रांना ती ठाऊक असते, पानठेल्यावरही ठाऊक असते. पालकांचे दुर्लक्ष हे याचे एकमेव कारण नव्हे. नेमके काय पाहावे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

व्यसन म्हणजे दारू, हे समीकरण आपल्या मनात पक्के आहे. तोंडाला वास आला नाही की आपण निर्धास्त होतो. परंतु केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक असलेले हे एकमेव व्यसन होय. थिनर, पंक्चरचे सोल्यूशन या वस्तू स्वस्त असतात आणि त्यांचा संशय येत नाही. मात्र त्यांच्या वाफेने हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू ओढवू शकतो. कपड्यांना रसायनाचा वास, डाग पडलेला रुमाल, नाका-तोंडाभोवती पुरळ ही त्याची चिन्हे आहेत.

दुसरा धोका घरातच असतो. आजीच्या झोपेच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, शस्त्रक्रियेनंतर उरलेले ट्रॅमाडॉल यांच्या विक्रीवर २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीचे निर्बंध आहेत. आपल्या घरी मात्र ती उघड्या फडताळात पडलेली असतात. ती कुलपात ठेवावीत आणि गोळ्या मोजाव्यात.

एखाद्या लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. चिडचिड आणि एकांतप्रियता हे वयाचेही धर्म आहेत. पण जुने मित्र तुटणे, आवडता खेळ सुटणे, झोपेच्या वेळा उलटणे, लाल डोळे, घरातील पैसे नाहीसे होणे, असे अनेक बदल थोड्या आठवड्यांत एकत्र दिसले, तर थांबून विचारावे. विचारायचे ते नशा उतरलेली असताना, शांतपणे आणि चारचौघांत नव्हे. मारहाणीने मूल खोटे बोलण्यात तेवढे तरबेज होते. आणि जे वडील मुलालाच सिगारेट आणायला धाडतात, त्यांच्या उपदेशाला वजन कोठून येणार?

खरी अडचण पुढेच आहे. इंदुरातील आपला मराठी समाज परस्परांना ओळखणारा आहे. दवाखान्यातले डॉक्टर गणेशोत्सवात आणि लग्नकार्यातही भेटतात. ही आपुलकी एरवी आपले बळ, पण व्यसनाच्या बाबतीत तीच अडसर ठरते. ‘लोक काय म्हणतील’ या भयाने पालक गप्प राहतात, ‘लग्न केले की सुधारेल’ अशी समजूत घालतात किंवा जाहिरातीतील औषध न सांगता जेवणात मिसळतात. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर दारू प्यायली गेली, तर जिवावर बेतते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पहिली जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे. किशोरवयीन रुग्णाशी पाच मिनिटे एकट्याने बोलावे आणि जे ऐकले ते मित्रमंडळींत तर नाहीच, स्वतःच्या घरीही उच्चारू नये. गुपित राखले जाईल असा विश्वास वाटला, तरच पालक वेळेवर दार ठोठावतील. पालकांनीही पोलिसांच्या धास्तीने थांबू नये. अल्प प्रमाणातील सेवनाच्या प्रकरणात जो शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतो, त्याला अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते. ओळखीच्या डॉक्टरांकडे जाणे अवघड वाटत असेल, तर १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

मधुमेहाचे निदान आपण लपवीत नाही. लवकर झाले तर समाधान मानतो. मुलाच्या व्यसनाविषयीही हीच वृत्ती आपल्या घराघरांत रुजली, तर पुष्कळ मुले वेळीच परत फिरतील.